कट झाल्यावरचा हात

"प्रेमानं धरा, अण्णा. बायकोचा हात धरतो ना आपण, तसा."

डायरेक्टर बांधावरून ओरडला आणि त्याच्या मागं उभं असलेलं सगळं गाव हसलं.

मी गुडघाभर चिखलात. माझा उजवा हात नांगराच्या मुठीवर, रुमण्यावर. त्यावर भरमाचा हात. कॅमेरा इतका जवळ आणला होता की त्याच्या काचेत मला आमचे दोन्ही हात दिसत होते.

"बायको कुठनं आणावी त्यानं, बिनलग्नाचं खोंड त्ये," बांधावरून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसणं.

पिक्चरचे दोन्ही हिरो छत्रीखाली चहा पीत उभे होते. त्यांचे हात मऊ. जवळून दाखवले की लगेच कळतं, म्हणून आम्हा दोघांना चिखलात उतरवलं होतं. तोंडं त्यांची, हात आमचे. आदल्या दिवशी डायरेक्टरनं आमचे हात उलटेसुलटे करून बघितले होते, बाजारात बैलाचे दात बघतात तसे. भरमाच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर नाही. लहानपणी गुऱ्हाळात उसाच्या घाण्यात गेलं. ते बघून डायरेक्टर खूश झाला. "हे छान आहे. रॉ वाटतं," म्हणाला. रॉ म्हणजे कच्चं, हे मला नंतर कळलं.

भरमाचा हात थरथरत होता.

"हात हलतोय. अहो, भिताय कशाला? मित्रच आहात ना दोघं?"

पुन्हा घेतलं. पुन्हा थरथर. पावसाची भुरभुर चालू होती, बैल कंटाळले होते, गाव हसून हसून दमलं होतं. शेवटी डायरेक्टरनं हात झटकला.

"कट. राहू दे." मग शेजारच्या छत्रीवाल्या मुलीला तो हळू काहीतरी म्हणाला. पण पाणी भरलेल्या शेतात हळू बोललेलंही लांब जातं. मला नीट ऐकू आलं. "यांना नाही जमणार. यांच्यात ते नाहीच."

यांच्यात ते नाही.

डायरेक्टर पाठ करून गेला. गाव चहाच्या गाडीकडं वळलं. भरमाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मी रुमण्यावरचा हात उलटा केला, तळवा वर, आणि त्याचा हात धरला. अंगठा त्याच्या तुटक्या करंगळीवरून फिरवला. भिऊ नको, एवढंच. त्याची थरथर थांबली. मग मी हात सोडला आणि बैल वळवले.

कॅमेरा चालूच होता. मला ते माहीत नव्हतं.

आता आम्ही कोण, ते सांगतो.

आमचं गाव बेळगावच्या पलीकडं, जांबोटीच्या अंगाला. डोंगराची उतरण, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. खालच्या बाजूला ट्रॅक्टर फिरतो, वरच्या खाचरात त्याचं चाक वळत नाही. तिथं अजून बैलच लागतो. माझ्याकडं बैल एक. भरमाची वाटणी झाली तेव्हा घरची जोडी फुटली. एक बैल थोरल्या भावाकडं, एक याच्याकडं. थोरल्या भावानं लगेच आपला विकून ट्रॅक्टर घेतला. तो ग्रामपंचायतीचा मेंबर. गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नाही, मेंबरच म्हणतात.

एक बैल असलेला माणूस दुसऱ्या एक बैलवाल्याशी पैरा करतो. तुझा बैल, माझा बैल, मिळून एक औत. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाही, करार नाही. तोंडी. आमचा पैरा कित्येक पावसाळ्यांचा. माझा बैल डावीकडून चालतो, त्याचा उजवीकडून. बैल एकदा एका बाजूला शिकला की दुसऱ्या बाजूला त्याला जुंपून बघा, जागचा हलत नाही. शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्यांनी पांढरा बैल कॅमेऱ्याच्या बाजूला पाहिजे म्हणून जोडी उलटी जुंपायला लावली. बैल उभे राहिले ते राहिलेच. डायरेक्टर मला म्हणाला, "तुमची जनावरं फार हट्टी आहेत."

भरमा आणि मी. आमच्यात काय होतं, ते गावाला कधी दिसलं नाही. लपवायला फार काही करावं लागलं नाही, हे खरं. पस्तिशी उलटलेले बिनलग्नाचे गडी आज गावोगाव ढिगानं आहेत. शेतकऱ्याला पोरगी कोण देतंय? त्यामुळं दोन बिनलग्नाचे पैरेकरी दिवसभर एकत्र राबतात, एका फडक्यातली भाकरी खातात, याचं कुणाला काही वाटलं नाही. उलट लोक हळहळायचे. बिचारे, म्हणायचे. त्या हळहळीच्या आडोशाला आम्ही बिनघोर होतो.

माझं त्याच्यावर प्रेम आहे. हे मी आजवर कुठं बोललो नव्हतो. त्याच्याजवळसुद्धा नाही. आमच्याकडं प्रेम हा शब्द रिक्षाच्या मागं लिहितात. माणूस माणसाला म्हणत नाही. तो मला भाकरीचा मधला मऊ तुकडा काढून द्यायचा आणि आपण कड चावत बसायचा. मी कधी नको म्हटलं नाही.

मग हे लोक आले. पुण्या-मुंबईचे. गावाला सांगितलं, दोन दोस्तांची गोष्ट आहे. मेंबरनं नारळ फोडला. शाळेत त्यांची उतरायची सोय केली. वरची खाचरं डोंगरासकट छान दिसतात म्हणून शूटिंग माझ्या शेतात ठरलं आणि हिरोला औत धरायला शिकवायचं काम माझ्याकडं आलं.

खरी गोष्ट मला छत्रीवाल्या मुलीनं सांगितली. तिला वाटलं, मला आधीच सांगितलंय. "दोघं शेतकरी असतात ना अण्णा, त्यांचं एकमेकांवर प्रेम असतं. म्हणजे नवरा-बायकोसारखं."

मी बैलांना पाणी पाजत होतो. बादली तशीच हातात राहिली. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, रडू येईल इतका आनंद झाला. आमच्या आयुष्याची गोष्ट होऊ शकते, त्यासाठी एवढी माणसं, एवढे दिवे, एवढ्या गाड्या डोंगर चढून येतात, हे मला खरंच वाटेना. भरमाला सांगितलं तर तो घाबरला. "गाव मारंल रं," म्हणाला. मी म्हटलं, "गावाला कुठं ठावं हाय? आणि पिक्चर बघून झाल्यावर गाव सुधारंलबी." मी असा खुळा. दुसऱ्या दिवसापासून हिरोला जीव तोडून शिकवू लागलो.

एकदा मी तिला विचारलं, शेवट काय होतो?

"एक जण जीव देतो. त्या जांभळीच्या झाडाला. दुसरा मुंबईला जातो."

"का जीव देतो?"

तिनं डायरेक्टरला विचारलं. तो हसला. "गावात दुसरं काय होणार, अण्णा?"

त्या जांभळीखाली आम्ही जेवायला बसायचो. मी डायरेक्टरला काही बोललो नाही. बोलणार काय? तो शिकलेला, तो गोष्ट लिहिणारा, मी हात भाड्यानं देणारा. पण त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की या माणसाला आमची गोष्ट पाहिजे, आम्ही नको.

पुढच्या उन्हाळ्यात पिक्चर बेळगावात दाखवला. एका कॉलेजच्या हॉलात. तोवर परदेशात बक्षिसं मिळाली होती म्हणे. गावाला मानानं बोलावलं. टेंपो भरून आम्ही गेलो. पुढच्या रांगेत मेंबर आणि गावची चार मोठी माणसं, खांद्यावर नव्या शाली. त्यांच्या लगेच मागच्या रांगेत मी आणि भरमा.

पिक्चर कशाचा आहे, हे गावाला अर्ध्या तासात कळलं. खुर्च्या करकरायला लागल्या. कुणी खोकलं. पण बेळगावची शिकलेली माणसं भोवती, शाल अंगावर, उठून जायचं कसं? बसून राहिले.

मग पडद्यावर हात आले.

घराएवढे. चिखलानं माखलेले. वरचा हात थरथरतोय. खालचा हात हळूच उलटतो. तळवा वर. धरतो. अंगठा तुटक्या करंगळीवरून फिरतो. थरथर थांबते. कट म्हटल्यानंतरचं होतं ते. आम्ही दोघं सोडून जगात कुणाचं नव्हतं, ते. हॉलमध्ये कुणी हलेना. मागं एक बाई हुंदका देऊन रडली.

आणि पुढच्या रांगेतून आवाज आला. मोठा नाही, पण स्पष्ट.

"आरं, ह्ये भरमाचं बोट न्हवं?"

"व्हय की."

"मग त्यो दुसरा हात कुणाचा?"

पाच डोकी वळली आणि माझ्याकडं बघायला लागली. भरमानं हात खिशात घातला. उन्हाळ्यात, अंधारात, बसल्या जागी. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, तो त्यानं काढून घेतला.

पिक्चर संपल्यावर प्रश्न झाले. त्या रडलेल्या बाईनंच विचारलं, हातांचा तो प्रसंग इतका खरा कसा आला? डायरेक्टर स्टेजवर उभा होता. म्हणाला, "आमचे दोन्ही नट महिनाभर चिखलात राबले. तो क्षण त्यांनी कमावलाय." टाळ्या पडल्या. हिरोंनी मान झुकवली.

मग एका पोरानं विचारलं, "ज्या गावात शूटिंग केलं, तिथं असं कोणी भेटलं का?"

"नाही हो. ही फार साधी माणसं आहेत. त्यांच्या आयुष्यात हा प्रश्नच येत नाही. समोरच बसलेत, विचारा हवं तर."

माइक आमच्या दिशेनं आला. मी उठलो. का उठलो, काय बोलणार होतो, मला अजून सांगता येत नाही. पाय आपोआप उभे राहिले. तोंड उघडलं. तेवढ्यात मेंबरनं माइक ओढून घेतला. "पिक्चर चांगला झालाय. आमच्या गावाचं नाव झालं. धन्यवाद," म्हणाला आणि बसला. पुन्हा टाळ्या. मी उभाच. कुणीतरी मागून म्हणालं, "खाली बसा, दिसत नाही."

मी खाली बसलो.

परत येताना टेंपोत आमच्या बाजूला कुणी बसलं नाही. अनगोळच्या पुढं गाडी थांबवून मेंबरनं भरमाला पुढं ड्रायव्हरजवळ बसवलं. गावात उतरल्यावर भरमा माझ्याकडं न बघता भावाच्या मागं चालत गेला. तेव्हापासून मी त्याला समोरासमोर बघितलेलं नाही.

हातांचा तो तुकडा मोबाइलवर फिरला. गावातला एक फोन शिल्लक राहिला नाही. मी दिसलो की पारावरचं कुणीतरी "कट" म्हणायचं आणि बाकीचे खिदळायचे. आमच्या भागात माणूस बाजारात कन्नड बोलतो, घरात मराठी. मला शिव्या दोन्हीत मिळाल्या. मेंबरनं भरमाचा बैल विकला. भरमाला निपाणीकडं बहिणीच्या गावी तंबाखूच्या कामाला पाठवलं आणि त्याचा फोन काढून घेतला. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मला कोण सांगणार? मी त्याचा कोण? भाऊ नाही, पाहुणा नाही. पैरेकरी. पैरा मोडला की पैरेकऱ्याचं नातं संपतं.

मग पाऊस लागला.

माझा बैल एकटा. घरोघर गेलो. दारात उभं राहून पैऱ्याला विचारायची रीत आहे, ती पाळली. कुणी म्हणालं बैल आजारी आहे, कुणी दारच उघडलं नाही. एक जण म्हणाला, "तुझ्याबराबर पैरा केला तर लोकं माझ्याबी हाताकडं बघतील." रोप लावायला येणाऱ्या बायका बांधापर्यंत आल्या नाहीत. सगळी खाचरं हिरवी झाली. माझी मात्र नुसती पाण्यानं भरलेली. भाताच्या रोपांचा तरवा वाफ्यात दाटून उभा राहिला आणि शेंडे पिवळे पडायला लागले. रोप लावायच्या दिवसात हातावर हात ठेवून बसणं काय असतं, ते शेतकऱ्यालाच कळतं. मी बांधावर बसायचो आणि घरी यायचो. दुसरं काही सुचायचं नाही.

आईनं मला काही विचारलं नाही. एकदाच बोलली, चुलीकडं तोंड करून. "मी इतकी वर्सं भाकरी दोघांच्या बांधत आल्ये. मला काय समजत न्हवतं व्हय रं?" मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, "पर तरवा वाळाय लागलाय. मेंबर म्हणंल तसं म्हण जा बाबा एकदाचं. नुसतं तोंडानं."

मेंबर म्हणत होता ते असं. लक्ष्मीच्या देवळात चार माणसांपुढं यायचं. मोबाइलसमोर सांगायचं, की सिनेमावाल्यांनी शिकवलं तसं आम्ही केलं, आमच्यात तसलं काही नाही. ते गावाच्या ग्रुपवर टाकायचं. मग पैरा मिळंल, बायका येतील, विषय संपला.

ज्या सकाळी मला देवळात बोलावलं, त्याच सकाळी डायरेक्टरचा फोन आला. इतक्या दिवसांत पहिलाच.

"अण्णा, कसे आहात? पाऊस कसा आहे? अहो, एक छोटं काम होतं. कुणीतरी लिहिलंय की ते हात नटांचे नाहीत, आणि ते दोघं खरोखरच तसे आहेत. न विचारता चित्रण केलं, अशी बोंब चाललीय. तुम्ही एक व्हिडिओ करून पाठवता का? म्हणायचं, तो अभिनय होता, आम्हाला शिकवून करून घेतला. एवढंच. पुढं बऱ्याच ठिकाणी पिक्चर जायचाय हो."

मी विचारलं, "तुमी तवा म्हटलासा न्हवं, यांच्यात ते न्हाय म्हणून?"

तो मग म्हणाला, "आवाज कट होतोय, अण्णा. पाठवा मात्र."

मी फोन ठेवला आणि उंबऱ्यात बसलो. दोघांचं वाक्य एकच होतं. शब्दाला शब्द. गाव त्याला घाण म्हणत होतं, डायरेक्टर कला म्हणत होता. पण ते खरं होतं, हे दोघांनाही नको होतं. मेंबरला भावाची अब्रू पाहिजे होती, डायरेक्टरला बक्षीस. आणि मधी मी. माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं, की मी नव्हतोच. मला भयंकर राग आला. इतक्या दिवसांत मला लाज वाटली होती, भीती वाटली होती, राग पहिल्यांदा आला. मग मी पायात चप्पल घातली आणि देवळात गेलो.

देवळात मेंबरनं आधी मला भरमाचा व्हिडिओ दाखवला. निपाणीकडच्या कुठल्यातरी पत्र्याच्या शेडपुढं उभा. मान खाली. "आमाला शिकवलं तसं केलं. माझा त्येच्याशी काय संबंध न्हाय." उजवा हात खिशात.

मी दोनदा बघितला. भरमा वाळला होता. मला त्याचा राग आला नाही. कुणी उभं करून बोलायला लावलं, की माणूस असाच उभा राहतो. चिखलात उभा होता तसाच.

"बघितलंस?" मेंबर म्हणाला. "त्यो शाणा झाला. आता तू म्हण." त्यानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरायला एकाला सांगितलं. "शिकवलं तसं केलं. म्हण."

"मला कुणी शिकवलं न्हाय," मी म्हणालो.

"काय?"

"त्यांनी कट म्हटलंतं. समदी गेलती. मग मी हात धरला. मला कुणी धर म्हटलं न्हवतं. माझ्या मनानं धरला."

मोबाइल धरणाऱ्याला तो बंद करावा की नको, कळेना. तो मेंबरच्या तोंडाकडं बघत राहिला.

"भरमा न्हाय म्हणतोय," मेंबर दात आवळून म्हणाला. "माझ्या भावाला यात ओढू नगंस."

"न्हाय ओढत. त्याच्या हाताचं त्यो सांगंल. मी माझ्या हाताचं सांगितलं."

त्यानं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटावं इतक्या थंडपणानं म्हणाला, "मग कर तुझी शेती एकटा. बघू."

यानं काही सुटलं नाही. चमत्कार व्हायचा असता तर आधीच झाला असता. पैरा मिळाला नाही. बायका आल्या नाहीत. डायरेक्टरला मी तेच बोलून पाठवलं, त्याचा फोन पुन्हा आला नाही. भरमाची खबर नाही. तो येईल की नाही, मला माहीत नाही, आणि आला तर भाऊ त्याला माझ्या शेतात पाऊल ठेवू देणार नाही, हे पक्कं माहीत आहे. मी कुदळ घेऊन खाचरात उतरलो. बैलजोडीनं एका सकाळी होणारं काम मला आठवडाभर पुरलं. आई वाकून रोप लावत होती, तिची कंबर धरली. दोनच खाचरं झाली. बाकीचा तरवा वाळून गेला. त्याची वैरण केली.

पारावर अजून कट म्हणतात. मी जातो तसाच जातो. वाट बदललेली नाही.

गेल्या आठवड्यात बेळगावहून एक पोरगी आली होती. कसला तरी अभ्यास करते म्हणाली. भीत भीत विचारलं, "त्या पिक्चरमधले हात खरंच तुमचे आहेत का?"

मी म्हणालो, "एक माझा आहे."

"आणि दुसरा?"

"ते मी सांगणार नाही. ज्याचा आहे तो सांगेल, नाहीतर नाही सांगणार. पण माझा हात कुणी शिकवला नव्हता. हे लिहा. गाव विचारू दे, पोलीस विचारू दे, तुमच्या हॉलात माइक देऊन विचारा. मी हेच सांगणार. आता खाली बसा म्हटलं तरी बसणार नाही."